नव्या शहरात बाहेर खाताना: चांगली जागा शोधण्यापासून ती आपली होईपर्यंत

मोठ्या शहरात नव्याने राहायला आलेल्या माणसाची खाण्याच्या बाबतीत दोन ठिकाणी गाडी अडकते. एक म्हणजे घराजवळची, सगळीकडे सारखीच चव देणारी साखळी हॉटेलं. तिथे धोका नसतो, पण नवं काही हातीही लागत नाही. दुसरं म्हणजे ज्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरत असतात ती गाजलेली ठिकाणं. तिथे तासभर रांगेत उभं राहायचं, घाईत जेवायचं, फोटो काढायचा आणि पुन्हा फिरकायचं नाही. या दोन टोकांच्या मधे शहराचं खरं खाणं असतं. तिथले लोक कामावरून घरी जाताना, रविवारी मित्रांसोबत, स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून जिथे जातात त्या जागा. हा लेख त्या जागांपर्यंत पोचण्याबद्दल आहे. खास समारंभाचं, महागडं जेवण हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. चांगली जागा सापडण्यात नशिबाचा भाग फार थोडा असतो. बहुतेक वेळा ती बघण्यातून, नेमकं विचारण्यातून आणि परत जाण्यातून सापडते. यातलं परत जाणं लोक सर्वात जास्त टाळतात.

आधी एकच भाग निवडा

संपूर्ण शहर एकदम पालथं घालायला गेलात तर प्रवासातच जीव जाईल. घरापासून किंवा कामाच्या ठिकाणापासून सहज जाता येईल असा एकच भाग निवडा आणि काही आठवडे फक्त तिथेच खा. भाग निवडताना मुख्य रस्त्यावर भुलू नका. मुख्य चौकातल्या जागेचं भाडं जबर असतं आणि ते कुठून तरी वसूल करावं लागतं: पदार्थाच्या किमतीतून, ताटातल्या प्रमाणातून किंवा मालाच्या प्रतीतून. शिवाय तिथे रोज नवं गिऱ्हाईक येत असतं, त्यामुळे आलेला माणूस परत आला नाही तरी मालकाचं फारसं बिघडत नाही. आतल्या गल्लीतल्या, पहिल्या मजल्यावरच्या किंवा बाजाराच्या मागच्या बाजूच्या जागेला ही चैन परवडत नाही. तिथलं गिऱ्हाईक त्याच आसपासचं असतं आणि एकदा नाराज झालं की तुटतं.

रोज बाहेर जेवणं ज्यांना भागच आहे अशी माणसं कुठे असतात, याचा विचार करा. मोठी रुग्णालयं, विद्यापीठं, न्यायालयं, घाऊक बाजार, बसचे आगार, छापखान्यांचे किंवा दुरुस्तीच्या दुकानांचे रस्ते. इथल्या लोकांना ठरावीक वेळेत, ठरावीक पैशांत, पोटाला न बाधणारं जेवण लागतं. अशा ठिकाणी खाणावळ टिकते ती याच कारणामुळे. सजावटीवर कुणी पैसे घातलेले नसतात, म्हणून ती नजरेतून सुटते.

दुसरी चांगली खूण म्हणजे बाहेरून आलेल्या लोकांच्या वस्त्या. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा जॅक्सन हाइट्स, लंडनचा साउथॉल किंवा जगभरच्या शहरांतले चायनाटाउन यांचं खाद्यजीवन उभं राहिलं ते पाहुण्यांसाठी नव्हे, आपल्या माणसांना घरचं वाटेल असं काही मिळावं म्हणून. अशी वस्ती शोधायची सोपी युक्ती म्हणजे तिथलं किराणा दुकान. एखाद्या समाजाचे मसाले, पिठं, लोणची, सुकी मासळी विकणारं दुकान जिथे असतं, तिथे पाच मिनिटांच्या अंतरात त्या समाजाचं खाणं मिळतंच. काहीतरी छोटंसं विकत घ्या आणि दुकानदारालाच विचारा की तो स्वतः जेवायला कुठे जातो. मला आजवर सर्वात उपयोगी पडलेली माहिती अशाच दुकानांच्या गल्ल्यावर मिळालेली आहे.

भाग ठरला की पहिल्या दिवशी न खाता नुसतं फिरा. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. कुठे गर्दी होते, कुठे पार्सल नेणारे थांबतात, कुठल्या दारासमोर कामाच्या गणवेशातली माणसं दिसतात, कोणतं दुकान साडेतीनलाही भरलेलं असतं, हे सगळं डोळ्यांखालून घाला. या फेरीत मिळालेलं ज्ञान कोणत्याही ॲपवर मिळत नाही.

इंटरनेटवरचे तारे कसे वाचायचे

तारे बघूच नका, असं मी म्हणणार नाही. ते चाळणीसारखे वापरा: खडे बाजूला पडतात, पण धान्य कोणतं चांगलं ते चाळणी सांगत नाही.

ताऱ्यांमागे पैसा आहे हे आधी लक्षात घ्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी २०११ मध्ये सिएटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास मांडला. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. हा परिणाम स्वतंत्र, एकट्यादुकट्या रेस्टॉरंटांवर दिसला, साखळी हॉटेलांवर नाही. साखळीचं नाव लोकांना आधीच ठाऊक असतं, लहान जागेला मात्र तारेच ओळख मिळवून देतात. म्हणूनच लहान जागेच्या मालकाला ओळखीच्यांकडून चार चांगले शब्द लिहून घेण्याचा मोह होतो आणि शेजारच्या स्पर्धकाला चार वाईट शब्द लिहिण्याचाही.

त्यामुळे सरासरी आकड्यावर थांबू नका. पाच तारे आणि एक तारा देणारे बहुधा आनंदात किंवा रागात लिहितात, तीन तारे देणारा माणूस विचार करून लिहितो. तो सांगतो की मासे उत्तम होते पण भात गार आला. अशी पंधरा-वीस मतं वाचा आणि त्यांत एखाद्या पदार्थाचं नाव पुन्हा पुन्हा येतं का ते पाहा. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या लोकांनी एकाच पदार्थाचं नाव घेतलं असेल तर तिथे जाऊन तोच मागवायचा. मतं नव्यापासून जुन्याकडे लावून वाचा, कारण आचारी बदलला की जागा बदलते आणि सरासरी आकड्याला ते कळायला वर्ष लागतं. तक्रारी कशाबद्दल आहेत तेही बघा. "वेटर हसला नाही" किंवा "जागा लहान आहे" ही तक्रार मी सोडून देते. "पोट बिघडलं", "तेलाला वास होता", "बिलात न घेतलेले पदार्थ लावले" या तक्रारी दोनदा दिसल्या तरी मी तिथे जात नाही.

ज्या समाजाचं जेवण आहे त्या समाजाच्या भाषेत लिहिलेली मतं भाषांतराच्या बटणाने जरूर वाचा. ती माणसं त्या चवीत वाढलेली असतात. ग्राहकांनी काढलेले फोटो मालकाने टाकलेल्या फोटोंपेक्षा महत्त्वाचे. त्यांत पदार्थाचं प्रमाण, भांडी, टेबलं आणि उजेड जसा आहे तसा दिसतो.

छापील मार्गदर्शिकांमध्ये सर्वात प्रसिद्ध मिशेलिन. १९०० साली एका टायर कंपनीने मोटारवाल्यांसाठी ती काढली आणि १९२६ पासून तिने रेस्टॉरंटांना तारे द्यायला सुरुवात केली. तुमच्या उपयोगाची गोष्ट मात्र तारे नाहीत, तर १९९७ पासून दिली जाणारी बिब गुर्माँ ही खूण आहे. माफक पैशांत चांगलं जेवण देणाऱ्या जागांसाठी ती असते. तुमच्या शहराची अशी यादी असेल तर ती डाउनलोड करून ठेवा. चांगलं खाणं म्हणजे पांढरा टेबलक्लॉथ असा समज असेल तर तोही सोडा: २०१६ मध्ये सिंगापूरमधल्या दोन साध्या टपऱ्यांना मिशेलिनचा प्रत्येकी एक तारा मिळाला होता.

जाण्याआधी फक्त एवढं तपासा: आज सुट्टी नाही ना, दुपारी मधे बंद असतं का आणि रोख पैसे लागतात का. एक फोन केला की तिन्ही प्रश्न सुटतात.

दाराशी दोन मिनिटं थांबा

आत शिरून बसलं की उठायचा संकोच वाटतो. म्हणून निर्णय दारातच घ्यायचा. मेन्यूकार्ड मागून उभ्या उभ्या वाचणं आणि "नंतर येतो" म्हणून निघून जाणं यात काहीही गैर नाही. हॉटेलवाल्यांना याची रोजची सवय असते.

पहिली गोष्ट बघायची ती खप. ज्या पदार्थाचा खप जास्त तो ताजा, हा नियम कुठल्याही शहरात लागू पडतो. टेबलांवर नजर फिरवा. निम्म्याहून जास्त ताटांत एकच पदार्थ दिसत असेल तर स्वयंपाकघरात तो दिवसभर बनत राहतो, त्याचा माल रोज संपतो आणि करणाऱ्याचा हात बसलेला असतो. याउलट दीडशे पदार्थांचं कार्ड आणि पाच माणसं जेवतायत, असं असेल तर तो सगळा माल कुठे आणि किती दिवस ठेवलेला असेल हा प्रश्न मनात यायलाच हवा. लहान मेन्यू हे बहुतेक वेळा चांगलं लक्षण आहे. मात्र काही खाद्यपरंपरांमध्ये त्याच पाच-सहा मूळ रश्श्यांतून आणि घटकांतून पन्नास पदार्थ होतात. तिथे लांबलचक यादी बघून घाबरू नका.

जागा रिकामी आहे म्हणून लगेच वाईट ठरवू नका. दुपारी चारला चांगलं हॉटेलही ओस असतं. जेवणाच्या भर वेळेला शेजारची दुकानं भरलेली आणि हे एकटं रिकामं, असं असेल तर त्याला काहीतरी कारण आहे.

स्वच्छतेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नवखा माणूस इथे एकतर फार घाबरतो किंवा काहीच बघत नाही. भिंतीचा रंग उडालाय, खुर्च्या जुन्या आहेत, याला अस्वच्छता म्हणत नाहीत. बघायचं ते तापमान, हात आणि पाणी. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे की शिजलेलं अन्न गरम ठेवायचं असेल तर ६० अंश सेल्सियसच्या वर आणि गार ठेवायचं असेल तर ५ अंशांच्या खाली ठेवावं. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांहून जास्त राहू देऊ नये. हे डोळ्यांनी तपासता येतं. बुफेच्या भांड्यातून वाफ निघतेय का? काचेच्या कपाटातले गार पदार्थ खरोखर गार आहेत का, की नुसते दिव्याखाली मांडलेत? पैसे घेणारा हात त्याच दमात पाव उचलतो का? कच्चं मांस कापलेल्या फळीवरच काकडी कापली जातेय का? तेलाचा वास दारापर्यंत येत असेल आणि तो जळका, घशाला लागणारा असेल, तर तेल बदललेलं नाही. तळलेलं काही घेऊ नका.

काही शहरांत हे काम तुमच्यासाठी सरकारने केलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून तपासणीनंतर मिळालेली ए, बी किंवा सी अशी श्रेणी दारावर लावावी लागते. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये शून्य ते पाच असे गुण दिले जातात. वेल्समध्ये २०१३ पासून ते दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये मात्र नाही, पण संकेतस्थळावर बघता येतात. तुमच्या शहरात अशी काही व्यवस्था आहे का ते एकदाच शोधून ठेवा. हे गुण चवीबद्दल काही सांगत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

रस्त्यावरच्या गाडीला किंवा टपरीला हेच निकष लावा. उलट तिथे एक फायदा असतो: स्वयंपाक तुमच्या डोळ्यांसमोर होतो. गरमागरम, तव्यावरून थेट हातात येणारं खाणं हे वातानुकूलित हॉटेलात तासभर मांडून ठेवलेल्या सॅलडपेक्षा सहसा जास्त सुरक्षित असतं. गाडीवरची सावधगिरी पाणी, बर्फ, कच्च्या चटण्या आणि आधीच चिरून ठेवलेली फळं यांच्यापुरती ठेवा.

मागवायचं कसं

"तुमच्याकडे चांगलं काय आहे?" हा सर्वात निरुपयोगी प्रश्न. "सगळंच चांगलं आहे" याशिवाय वेटर दुसरं काय सांगणार? फार तर तो महाग पदार्थ सुचवेल किंवा तुमच्याकडे बघून तुम्हाला झेपेल असं काहीतरी सौम्य पुढे करेल. प्रश्न अरुंद करा. "सर्वात आधी काय संपतं?" हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर मताचं नसतं, माहितीचं असतं. "या दोनांपैकी एकच घ्यायचं तर कोणतं?" यालाही खरं उत्तर मिळतं. दुपार उलटून गेल्यावर, गर्दी ओसरली असेल तर "तुम्ही लोक इथे काय जेवता?" असं विचारा. कामगारांचं जेवण पुष्कळदा कार्डावर नसतंच, आणि एखाद्या चांगल्या दिवशी त्यातला वाटा तुमच्यासमोर येतो.

शेजारच्या टेबलावर काहीतरी छान दिसलं तर बोट न दाखवता, हळू आवाजात वेटरला त्याचं नाव विचारा. अनोळखी भाषेतल्या कार्डापेक्षा हा मार्ग खात्रीचा आहे.

नव्या जागेत माझी पद्धत अशी: एक पदार्थ असा मागवायचा जो त्या खाद्यपरंपरेत रोजचा आहे, साधा आहे, आणि जो मी इतर ठिकाणी खाल्लेला आहे. साधा भात, साधं सूप, साधा पाव. साध्या पदार्थात लपायला जागा नसते. तो जमला असेल तर स्वयंपाकघरावर विश्वास टाकता येतो. सोबत एक पूर्ण अनोळखी पदार्थ. बाकीचं नंतर. वेटरला तसं सांगून ठेवा की अजून मागवणार आहोत, म्हणजे तो घाई करणार नाही.

थोडं थोडं आणि वेगवेगळं मागवण्यामागे शरीराचंही कारण आहे. आहाराच्या अभ्यासक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की एखादा पदार्थ खात गेलं की त्याच पदार्थाची गोडी कमी होत जाते, न खाल्लेल्या पदार्थांची मात्र तितकी होत नाही. पहिले चार घास अप्रतिम आणि पंधरावा घास नुसता पोट भरायचा, हा अनुभव त्यामुळेच येतो. चौघांनी चार पदार्थ मधे ठेवून खाल्ले तर प्रत्येकाला चारही पदार्थांचे ते पहिले घास मिळतात. याच कारणाने विविधता असली की आपण गरजेपेक्षा जास्त खातो, म्हणून मागवताना हात थोडा आखडता ठेवा.

तिखटाचं एक सांगायला हवं. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी पिऊन आग शमत नाही, ती तोंडभर पसरते. दुधातलं केसीन हे प्रथिन त्यावर काम करतं. दूध, दही किंवा ताक मिळणार असेल तर ते हाताशी ठेवा, नसेल तर भात किंवा पाव. "कमी तिखट" या शब्दांचा अर्थ प्रत्येक स्वयंपाकघरात वेगळा असतो. पहिल्या भेटीत तिखट बाजूला वाढायला सांगणं शहाणपणाचं.

शाकाहारी असाल किंवा काही खात नसाल तर लेबलवर विसंबू नका, घटक विचारा. "यात मांस आहे का?" या प्रश्नाला प्रामाणिकपणे "नाही" म्हणणाऱ्या माणसाच्या रश्श्यात हाडांचं पाणी असू शकतं, भाजीत माशांचा सॉस असू शकतो, पेस्ट्रीत चरबी आणि जेलीत जिलेटिन असू शकतं. अनेक प्रकारच्या चीजमध्ये दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असतं. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याच्या लेखी मांस म्हणजे मांसाचा तुकडा. म्हणून विचारायचं ते असं: रस्सा कशाचा आहे? तळता कशात? सॉस कोणता घालता?

ॲलर्जीच्या बाबतीत भिडस्तपणा अजिबात नको. बसल्याबरोबर, मागवण्याआधी सांगा. भाषा येत नसेल तर तिथल्या भाषेत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा आणि ती स्वयंपाकघरात नेऊन दाखवायला सांगा. युरोपियन संघात डिसेंबर २०१४ पासून हॉटेलांनाही १४ ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. अमेरिकेच्या मुख्य यादीत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा घटक आला. मात्र एकाच कढईत सगळं तळलं जात असेल तर यादीचा उपयोग नाही, हे तुम्हालाच विचारावं लागेल. वेटर उत्तर देताना अडखळला तर तिथे जेवू नका.

सोबत कोण

नवी जागा शोधायला चार माणसं उत्तम. टेबल लवकर मिळतं, चार-पाच पदार्थ चाखता येतात आणि गप्पा एकच राहतात. आठ झाले की निम्मा वेळ जागा आणि बिल यांतच जातो. कुठे जायचं हे प्रत्येक वेळी एकानेच ठरवायचं आणि पाळीपाळीने ठरवायचं, सगळ्यांच्या मतावर सोडलं की पुन्हा त्याच जुन्या हॉटेलात जाऊन बसतो. साधारण किती खर्च होईल हे निघण्याआधी मोकळेपणाने सांगा. गटात एखाद्याचा हात आखडता असेल तर तो जेवणाच्या टेबलावर बोलू शकत नाही.

एकट्याने जायला बिचकू नका. काउंटरची जागा असेल तर तिथेच बसा, स्वयंपाक दिसतो आणि करणाऱ्याशी बोलता येतं. गर्दीची वेळ टाळून, अर्धा तास आधी गेलात तर कुणाला तुमच्या एकट्याच्या टेबलाची अडचण होत नाही.

बिल आणि टीप

बिल वाचा. न घेतलेली पाण्याची बाटली, आपण न मागवता टेबलावर आलेली छोटी वाटी, सेवाशुल्क, कर, असं सगळं ओळीने बघा. विचारण्यात कमीपणा नाही. सेवाशुल्क बिलात आधीच धरलेलं असेल तर वर पुन्हा टीप देण्याची गरज बहुधा नसते.

टीपेचे रिवाज देशागणिक उलटेपालटे आहेत. अमेरिकेत टेबलावर सेवा घेतली तर १५ ते २० टक्के टीप द्यावी अशी अपेक्षा असते, कारण वाढप्यांच्या कमाईचा मोठा भाग तोच असतो. फ्रान्समध्ये सेवेचा मोबदला किमतीत धरलेला असतो. जपानमध्ये टीप देतच नाहीत, आणि टेबलावर ठेवलेले पैसे विसरलात म्हणून ते परत द्यायला कुणीतरी मागे धावत येईल. शहर नवं असेल तर पहिल्याच आठवड्यात एखाद्या सहकाऱ्याला हे विचारून घ्या.

दुसऱ्यांदा जा

या लेखातला एकच सल्ला पाळणार असाल तर हा पाळा.

एका जेवणावरून जागा कळत नाही. त्या दिवशी मुख्य आचारी रजेवर असेल, मासे उशिरा आले असतील, किंवा उलट, तुम्ही इतके भुकेले असाल की काहीही चांगलं लागलं असतं. आवडलेल्या जागी पंधरा दिवसांत परत जा आणि तोच पदार्थ पुन्हा मागवा. नवं काही खायचा मोह होईल, पण तो एक पदार्थ हवाच. तो तसाच लागला तर स्वयंपाकघराला शिस्त आहे. फार वेगळा लागला तर पहिल्यांदा जे जमलं तो योगायोग होता. शक्य असेल तर वार बदला. शनिवारी रात्रीच्या तुडुंब गर्दीत स्वयंपाकघर जेमतेम तग धरत असतं. मंगळवारी-बुधवारी तेच हात सावकाश, मन लावून काम करतात आणि वेटरलाही तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

जी जागा ठीकठाक वाटली, आवडली नाही पण खटकलीही नाही, तिलाही मी एक संधी देते, मात्र वेगळा पदार्थ घेऊन. पहिल्यांदा चुकीचं मागवलेलं असण्याची शक्यता भरपूर असते. अनेक जागा एक-दोन पदार्थांवरच उभ्या असतात आणि बाकीचं कार्ड गिऱ्हाईकाच्या समाधानासाठी छापलेलं असतं.

तिसऱ्या-चौथ्या वेळेला एक बदल जाणवतो. गल्ल्यावरचा माणूस मान हलवतो. तुम्ही काय खाता ते वाढप्याला आठवतं. मग तोच सांगतो की आज ते घेऊ नका, आज हे घ्या. या एका वाक्यासाठी परत जायचं असतं, कारण ते कुठल्याही यादीत किंवा व्हिडिओत मिळत नाही. शहरात आपलं कुणी नसताना, ओळखीचा चेहरा बघून एखाद्याने खुर्ची पुसून पुढे करणं याची किंमत जेवणापेक्षा मोठी असते, असं मला मनापासून वाटतं. नव्या शहरात रुजायला घरभाड्याचा करार जेवढा उपयोगी पडतो तेवढंच हेही.

त्या बदल्यात आपणही नीट वागायचं. रांग असताना जेवून झालेल्या टेबलावर गप्पा मारत बसू नका. राखून ठेवलेलं टेबल नको असेल तर फोन करून कळवा, कारण लहान जागेत एक टेबल रिकामं जाणं म्हणजे त्या संध्याकाळच्या कमाईतला मोठा वाटा जाणं. जेवण आवडलं तर वेटरला सांगून थांबू नका, स्वयंपाकघरापर्यंत पोचवायला सांगा.

बिनसलं तर

पदार्थ चुकीचा, गार किंवा कच्चा आला तर दोन घासांत सांगा. पूर्ण ताट संपवून केलेल्या तक्रारीवर कुणी विश्वास ठेवत नाही. आवाज न चढवता, काय खटकलं ते नेमकं सांगा: "कोंबडी आतून गुलाबी आहे." चांगली जागा लगेच बदलून देते, आणि ती कशी बदलून देते यावरून तिच्याबद्दल पुष्कळ कळतं.

पोट बिघडलं तर शेवटच्या जेवणालाच दोष देऊ नका. नोरोव्हायरस या विषाणूची लक्षणं साधारण १२ ते ४८ तासांनी दिसतात, साल्मोनेला या जिवाणूची तर ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही. म्हणजे आजच्या उलट्यांचं कारण परवाचं जेवण असू शकतं. आधी पाणी आणि क्षार पोटात जातील असं बघा. रक्त पडत असेल, ताप चढला असेल किंवा पाणीही टिकत नसेल तर डॉक्टरांकडे जा. सोबत जेवलेल्या इतरांनाही त्रास झाला असेल तर शहराच्या अन्नसुरक्षा विभागाला कळवा. ताऱ्यांच्या ॲपवर राग काढण्यापेक्षा त्याने पुढच्या माणसाचं जास्त भलं होतं.

नोंद ठेवा

फोनमध्ये एक साधी यादी करा. गुण देऊ नका, सहा महिन्यांनी "साडेतीन" म्हणजे काय ते आठवत नाही. लिहायचं ते असं: जागा, वार आणि वेळ, काय खाल्लं, त्यात काय आवडलं, पुन्हा गेल्यावर काय मागवायचं, काय टाळायचं. "सूप घ्या, तळलेलं नको, गुरुवारी बंद, मागच्या दाराने गेल्यास जागा मिळते" अशी ओळ कामाची. नकाशावर खुणा करायच्या तर दोनच रंग ठेवा: जायचंय आणि परत जायचंय. पावसात अडकलात, गाडी चुकली, कुणी पाहुणा अचानक आला, तर जवळची "परत जायचंय"ची खूण शोधायची आणि चालायला लागायचं.

दर काही महिन्यांनी ती यादी झाडून घ्या. मोठ्या शहरात हॉटेलं बंद पडतात, हात बदलतात, भाडं वाढलं म्हणून दोन गल्ल्या पलीकडे जातात. आवडता आचारी निघून गेला असेल तर तो आता कुठे आहे ते तिथल्या वाढप्याला विचारा. बहुतेक वेळा त्याला माहीत असतं.